मुलगी बेनेडिक्टाइन मठात जायचं म्हणते. तिथला दिवस कसा असतो?

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी २४ वर्षांची, बी.एस्सी. झालेली. बंगळुरूकडच्या एका बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टचा नियम पाळणाऱ्या कॅथलिक स्त्रियांच्या मठात पाच दिवस राहून आली आणि आता कायमची तिथेच जायचं म्हणते. त्या बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत आत करतात तरी काय, घराशी संबंध तुटतो का, आणि शिकलेली मुलगी भिंतीआड वाया जाणार नाही का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, मी स्वतः अशा एका मठात अडीच वर्षं होते. व्रतं न घेता परत आले. गेली १९ वर्षं त्याच मठाची ओब्लेट आहे, म्हणजे घरी राहून, नोकरी करून, जमेल तेवढा त्यांचा नियम पाळणारी. दर वर्षी शाळेला सुट्टी लागली की दोन आठवडे तिथे जाऊन राहते. त्यामुळे आतलं मला ठाऊक आहे, आणि माझी आई तेव्हा कशी दाराशी बसून राहिली होती तेही विसरलेले नाही. मठाचं नाव लिहीत नाही, तिथल्या सिस्टरना ते रुचणार नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. नाशिकमध्ये आपण ज्या सिस्टर पाहतो त्या शाळा चालवतात, दवाखाने चालवतात, वस्त्यांमध्ये जातात. त्यांचं घर म्हणजे कॉन्व्हेंट, आणि आज नाशिक तर पुढच्या वर्षी दुसरीकडे अशी त्यांची बदलीही होते. बेनेडिक्टाइन मठ याहून वेगळा. तिथे बदली नाही. बेनेडिक्टाइन व्यक्ती तीन वचनं देते: आज्ञापालन, जीवनाचा पालट, आणि स्थैर्य. ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह त्या दुसऱ्या वचनात येतात. स्थैर्य म्हणजे ज्या मठात, ज्या बायकांबरोबर प्रवेश केला, तिथेच मरेपर्यंत राहायचं. आपल्याकडे जैन साध्वी पायी येताना-जाताना दिसतात. चातुर्मास सोडला तर त्या एका गावी मुक्काम धरत नाहीत, जागेची माया जडू नये म्हणून. बेनेडिक्टाइन सिस्टर नेमकं उलट करते: मन पळायला लागलं तरी जागा सोडायची नाही. दोन्हींचा हेतू एकच असावा असं मला वाटतं, पण वाटा अगदी विरुद्ध आहेत. मठाच्या आवारातच दफनभूमी असते. मी गेले त्या पहिल्याच आठवड्यात नव्हिशिएटच्या (व्रतांआधीच्या शिकाऊ काळाच्या) प्रमुख सिस्टरने मला तिथे फुलझाडांना पाणी घालायला पाठवलं होतं. तुम्हाला हे वाचून कसंसंच होईल, पण तिथे त्यात भीतीदायक काही नसतं. जिच्या शेजारी बसून गायलो तिच्याच कबरीवरचं गवत आपण काढतो.

हा सगळा नियम संत बेनेडिक्टचा. इटलीतला माणूस, साधारण ४८० ते ५४७ हा त्याचा काळ. माँते कासीनोच्या डोंगरावर त्याने मठ उभारला आणि ७३ छोट्या प्रकरणांचा एक नियम लिहिला. देवावरच्या प्रेमाबरोबर किती वाजता उठायचं, जेवणात किती पदार्थ, आजाऱ्याला काय द्यायचं, दारावर कुणाला बसवायचं, इथपर्यंत सगळं त्यात आहे. त्याची बहीण स्कोलास्टिका हीसुद्धा देवाला वाहिलेली होती. १० फेब्रुवारीला तिचा सण असतो, आपल्या नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेच्या आगेमागेच. तिची एक गोष्ट पुढे सांगते.

आता दिवस. वेळा मठागणिक थोड्या इकडेतिकडे होतात. आमच्याकडे पहाटे चारला घंटा आणि साडेचारला पहिली प्रार्थना, तिला व्हिजिल्स म्हणतात. मग सहाच्या सुमारास लॉड्स, म्हणजे उजाडतानाची प्रार्थना, आणि लगेच मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची मुख्य उपासना. दिवसा तीन छोट्या प्रार्थना: साधारण नऊ, बारा आणि अडीचला. संध्याकाळी व्हेस्पर्स, रात्री कॉम्प्लिन. बेनेडिक्टच्या नियमात सकाळी आणखी एक होती, प्राइम नावाची. १९६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन महासभेने ती रद्द केल्यापासून बहुतेक ठिकाणी ती म्हणत नाहीत. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत ‘दिवसातून सात वेळा मी तुझं स्तवन करतो’ असं वचन आहे, तिथून ही सातची मोजणी आली. सर्वच्या सर्व १५० स्तोत्रं एका आठवड्यात म्हणून व्हावीत असं बेनेडिक्टने ठरवलं. आज बरेच मठ ती दोन आठवड्यांत वाटून घेतात.

पहाटेचा पहिला शब्द मला अजून अंगावर शहारा आणतो. उठल्यापासून कुणी कुणाशी बोललेलं नसतं. अंधारात सगळ्या उभ्या राहतात, अंगठ्याने ओठांवर क्रूस काढतात आणि म्हणतात: प्रभू, माझे ओठ उघड. तीनदा. आदल्या रात्रीपासून मिटलेलं तोंड उघडतं ते देवाचं नाव घ्यायला. आपल्याकडे काकड आरतीला उठणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गाणं दोन बाजूंनी चालतं. चॅपलमध्ये सिस्टर समोरासमोर बसतात. एक ओळ या बाजूने, पुढची त्या बाजूने. प्रत्येक ओळीच्या मध्यावर एक थांबा असतो, एका श्वासाइतका. तो थांबा कुणी मोजत नाही, कुणी खूण करत नाही. सगळ्यांनी एकदम थांबायचं आणि एकदम पुढे निघायचं. पहिले कित्येक महिने मी पुढे धावायचे. मला गळा बरा होता आणि शाळेच्या प्रार्थनेत पुढे उभं राहून म्हणायची सवय. माझ्या शेजारी मंगळूरकडची एक म्हातारी सिस्टर बसायची. एक दिवस सुट्टीच्या वेळात ती मला म्हणाली, “माझा श्वास तुला ऐकू येईल इतक्याच आवाजात गात जा.” झालं, एवढंच. पण ते जमायला मला वर्ष लागलं. जमलं त्या दिवशी कळलं की चाळीस वर्षं एकत्र गाणाऱ्या बायका त्या श्वासाएवढ्या जागेत एकमेकींना किती ओळखून असतात. कुणाला दमा आहे, कुणाचं मन आज ठिकाणावर नाही, कुणी रात्री रडली आहे, सगळं तिथे कळतं.

(भाषेचं एक सांगून ठेवते, कारण आधी कुणी सांगत नाही. आमच्या मठात प्रार्थना बहुतेक इंग्रजीत, काही लॅटिनमध्ये. सिस्टर तमिळ, कानडी, मल्याळम, कोकणी बोलणाऱ्या. मराठी मी एकटी. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेल्या स्तोत्रांची मला इतकी आठवण यायची की बागेत काम करताना मी ती मनातल्या मनात मराठीत म्हणायचे. तुमच्या मुलीलाही हे जाणवेल. तिच्या पेटीत मराठी पवित्र शास्त्र जरूर ठेवा.)

दोन प्रार्थनांच्या मध्ये काम. बेनेडिक्ट आळसाला आत्म्याचा शत्रू मानतो आणि मठाने आपल्या हातांनी पोट भरावं असं त्याचं म्हणणं. बाग, शिवण, मेणबत्त्या, पाहुणेघर, आणि आमच्याकडे मुख्य म्हणजे होस्ट, मिस्सात लागणाऱ्या त्या पातळ पांढऱ्या चकत्या. गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही, मीठसुद्धा नाही. सरसरीत पीठ दोन तापलेल्या लोखंडी पाटांच्या मध्ये ओतायचं, पाट मिटायचे, थोड्या वेळात पापडासारखा कडक पत्रा निघतो. तो लगेच कापला तर तुकडे उडतात. म्हणून रात्रभर दमट जागेत ठेवायचा, नरम पडला की दुसऱ्या दिवशी साच्याने गोल कापायचे, तुटके निवडून बाजूला.

एकदा बाराच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा माझ्या हातात पिठाचा डाव होता. अर्धं पातेलं शिल्लक. मला वाटलं, एवढं संपवून जावं, पीठ आंबलं तर वाया जाईल. नियमात लिहिलंय की घंटा ऐकली की हातात असेल ते टाकून निघायचं, देवाच्या कामाआधी दुसरं काही नाही. त्याच्याही आधीच्या काळात कासियन नावाच्या साधूने लिहून ठेवलंय की लेखनिक साधू प्रार्थनेची थाप दारावर पडताच अर्धवट काढलेलं अक्षरही पुरं करत नसत. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी मी ओतलं. कामावरच्या सिस्टरने येऊन बटण बंद केलं, माझ्या हातातून डाव घेतला आणि मला चॅपलकडे बोट दाखवलं. परत आल्यावर पाटावर अर्धकच्चा थर चिकटून बसलेला. तो लाकडी पट्टीने खरवडायला मला दुपार पुरली नाही. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी घंटेला दहा मिनिटं असताना तिने स्वतः ओतणं थांबवलं, पाट पुसायला घेतले, पातेल्यावर झाकण ठेवलं. मी बघत होते. घंटा झाली तेव्हा तिचे हात रिकामे होते.

ताई, मठातली सगळ्यात अवघड गोष्ट मला विचाराल तर पहाटे उठणं मी सांगणार नाही, मौनही नाही. चांगलं चाललेलं काम, मनापासूनचं, उपयोगाचं काम, दिवसातून सहा-सात वेळा अर्ध्यात सोडणं आणि ते आपल्यावाचून अडत नाही हे रोज मान्य करणं, हे अवघड. तुमची मुलगी शिकलेली आहे, हुशार आहे. हुशार माणसाला हे जास्त जड जातं. मला जड गेलं.

जेवण साधं. शिजवलेले दोन पदार्थ पुरेत, एक नको असेल तर दुसरा घेता येईल, असं बेनेडिक्ट लिहितो. आमच्याकडे भात, सार, एक भाजी, कधी नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे. जेवताना बोलायचं नसतं. एक सिस्टर उभी राहून पुस्तक वाचते, बाकीच्या ऐकत जेवतात, मीठ हवं असेल तर खुणेने. स्वयंपाकाची पाळी आठवड्याची, आणि पाळी संपली की पुसायची फडकी धुऊन पुढच्या बाईच्या हाती द्यायची. कोठी सांभाळणाऱ्या सिस्टरबद्दल नियमात एक वाक्य आहे जे मी माझ्या स्वयंपाकघरात पाळते: मठातलं प्रत्येक भांडं, प्रत्येक अवजार वेदीवरच्या पवित्र पात्रासारखं हाताळावं. तिथे खुरपंसुद्धा धुऊन, पुसून जागेवर ठेवतात. काही फुटलं, हरवलं तर आपणहून जाऊन सांगायचं.

मौनाबद्दल बाहेर फार अतिशयोक्ती आहे. बोलणं बंद नसतं. कामापुरतं बोलतात, जेवणानंतर अर्धा-पाऊण तास सगळ्या एकत्र बसून गप्पा मारतात, हसतात. कॉम्प्लिननंतर मात्र सकाळपर्यंत पूर्ण मौन.

आणि भांडणं? असतात. जेवताना आवाज करणारी, दार आपटणारी, सगळं आपल्यालाच कळतं असं वाटणारी, सगळ्या प्रकारच्या बायका असतात, आणि स्थैर्याच्या वचनामुळे कुणालाही दुसरीकडे जाता येत नाही. बेनेडिक्टला माणसं माहीत होती. त्याने सांगितलं की लॉड्स आणि व्हेस्पर्सच्या शेवटी प्रमुखाने प्रभूची प्रार्थना मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणावी, कारण एकत्र राहताना काटे उगवतातच. “जसे आम्ही आमच्या ऋण्यांस सोडले आहे” हे शब्द दिवसातून दोनदा कानावर पडले की समोरच्या बाकावरच्या बाईकडे बघावंच लागतं. मानपान नसतो. रांगेतली जागा प्रवेशाच्या तारखेने ठरते, वयाने, शिक्षणाने किंवा घराण्याने नाही. माझ्या पुढे माझ्याहून सहा वर्षांनी लहान मुलगी उभी असायची, कारण ती तीन महिने आधी आली होती. महत्त्वाचा निर्णय असेल तेव्हा सगळ्यांना बोलवावं, कारण पुष्कळदा देव धाकट्यालाच चांगलं सुचवतो, असंही नियमात आहे.

वाचन हा दिवसाचा तिसरा भाग. लेक्सिओ दिविना म्हणतात: शास्त्रातला छोटा उतारा घ्यायचा, हळू, ओठ हलवत, पुन्हा पुन्हा वाचायचा, एखादा शब्द अडकला की तिथेच थांबायचं. हरिपाठ रोज म्हणणाऱ्या माणसाला एखाद्या दिवशी एकच ओळ धरून ठेवते, तसं. उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या, सुरुवातीला प्रत्येकीला एक पुस्तक दिलं जातं, ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचायचं, मधलं गाळायचं नाही. ही प्रथा थेट बेनेडिक्टच्या नियमातली आहे. मी घरी अजून करते, आणि यंदा घरातल्यांनीही एकेक पुस्तक मागून घेतलं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. घाईने कुणालाही आत घेत नाहीत. येणाऱ्याला सहज प्रवेश देऊ नका, चार-पाच दिवस दाराशी थांबू द्या, मग वर्षभरात तीनदा पूर्ण नियम वाचून दाखवा आणि विचारा, पाळता येईल तर ये, नसेल तर मोकळेपणाने जा, असं बेनेडिक्टने लिहिलं. आजची पद्धतही सावकाशीची आहे. २०१८ मध्ये रोमहून अशा मठांसाठी ज्या सूचना आल्या, त्यांनुसार पहिल्या पावलापासून अखेरच्या व्रतांपर्यंत किमान नऊ वर्षं लागतात: ओळखीचा काळ, पोस्टुलन्सी (उमेदवारी), दोन वर्षं नव्हिशिएट, मग निदान पाच वर्षं तात्पुरती व्रतं. म्हणजे तुमची मुलगी आज गेली तरी तेहतिशीच्या आत कायमची बांधली जाणार नाही. तोवर तिलाही विचार करता येतो, मठालाही.

परतण्याचा रस्ता कसा असतो ते माझ्यावरून सांगते. अडीच वर्षांनी प्रमुख सिस्टरने मला बोलावून सांगितलं, तुझं मन इथे आहे पण तुझा पिंड इथला नाही, तुला कुणाला तरी शिकवायला हवं. मला ते माझ्याआधी तिला दिसलं होतं. मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी कोठीतल्या सिस्टरने एक पुडकं आणून दिलं. मी आले त्या दिवशी अंगावर होता तो निळा पंजाबी ड्रेस, धुऊन, इस्त्री करून, घडीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेला. आत येणाऱ्याचे कपडे जपून ठेवावेत, न जाणो कधी परत जावं लागलं तर, हे नियमातच लिहिलेलं आहे. पंधराशे वर्षांपूर्वी ज्याने हा विचार केला त्याच्या हाती आपली मुलगी द्यायला मी तरी घाबरले नसते.

भेटी, पत्रं, फोन यांचे नियम प्रत्येक मठाचे वेगळे. ते स्पष्ट विचारून घ्या: वर्षातून किती वेळा भेटता येईल, घरात आजारपण आलं तर काय, तिची पुढची वैद्यकीय काळजी कोण घेणार. विचारायला संकोचू नका, चांगल्या मठाला असे प्रश्न आवडतात. आणि नियम म्हणजे दगड नव्हे, हे सांगण्यासाठी स्कोलास्टिकाची ती गोष्ट. बहीणभाऊ वर्षातून एकदा भेटायचे. शेवटच्या भेटीत ती म्हणाली, आजची रात्र राहा, देवाबद्दल बोलू. बेनेडिक्ट म्हणाला, मठाबाहेर रात्र काढणं नियमात बसत नाही. तिने हात जोडून डोकं टेकवलं, आणि निरभ्र आभाळातून असा पाऊस कोसळला की त्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता आलं नाही. तीन दिवसांनी ती वारली. ही गोष्ट पोप ग्रेगरीने लिहून ठेवली आहे, आणि तिचं प्रेम जास्त होतं म्हणून तिचं चाललं, असं तो म्हणतो. हीच गोष्ट बेनेडिक्टाइन लोक दर फेब्रुवारीत मोठ्या मायेने सांगतात.

‘वाया जाणं’ या शब्दावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. मठात कुणाला बक्षीस मिळत नाही, नातवंडं होत नाहीत, हे खरं आहे आणि आईला ते लागणारच. एवढंच सांगते की माझ्या आयुष्यातल्या वाईटातल्या वाईट रात्री, वडील आयसीयूत असताना, मी बाहेरच्या बाकावर बसून घड्याळ पाहिलं, साडेचार वाजले होते. त्या क्षणी त्या बारा-पंधरा बायका उभ्या राहून ओठांवर क्रूस काढत असणार हे मला ठाऊक होतं, आणि त्यांच्यात माझ्या वडिलांचं नाव पोचलेलं होतं. मी तिथेच मनात पहिली ओळ म्हटली.

मुलीला हो किंवा नाही म्हणण्याआधी तुम्ही स्वतः तिला घेऊन तिथे जाऊन या. पाहुण्याला ख्रिस्तासारखं स्वीकारावं असा नियम असल्याने प्रत्येक मठाला पाहुणेघर असतं, आधी पत्र टाकून कळवलं की जागा देतात. तीन दिवस राहा. एक दिवस पहाटेच्या प्रार्थनेला जा, झोप आली तरी. दुसऱ्या दिवशी मुलीबरोबर कामाला बसा आणि घंटा वाजते तेव्हा तिचा चेहरा बघा, हातातलं टाकताना तो कसा होतो ते. तुम्ही तिला जन्मापासून ओळखता, तुम्हाला कळेल.

आणि कॉम्प्लिन चुकवू नका. दिवे मालवलेले असतात, तीच तीन स्तोत्रं रोज, म्हणून पुस्तक लागत नाही. शेवटी मरियेचं गीत होतं, प्रमुख सिस्टर प्रत्येकीवर पवित्र पाणी शिंपडते, पाहुण्यांवरही, आणि सगळ्या न बोलता आपापल्या खोलीकडे जातात. मुलगी तिथे गेली तर रात्री आठनंतर फोन करू नका. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर करा, तेव्हा उचलतील.